पानाखालचे विणकर

1936 साली गांधीजी सेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, राहायला आले तेव्हा इथल्या कुट्या आसपासच्या माती-बांबूनेच उभ्या राहिल्या. पुढे 2017 च्या वन कायद्यातल्या दुरुस्तीने वनाबाहेरचा बांबू 'वृक्ष' राहिला नाही, तोडायची-न्यायची कटकट कमी झाली, आणि आता तो पीक म्हणून लावला जातो. पीक म्हटलं की रान स्वच्छ हवं आणि कीड दिसली की फवारा हवा, असं आपण धरून चालतो. बांबूवरचा कोळी, म्हणजे लाल कोळ्याच्या कुळातली ती टिचभरही नसलेली कीड, या दोन्ही समजुती खोट्या पाडते. तिच्या काही जाती पानाच्या मागच्या बाजूला दाट जाळं विणतात आणि त्या छपराखाली अंडी घालतात. अंड्यातून सहा पायांचं पिल्लू निघतं, कात टाकताना मधेमधे निपचित पडतं आणि आठ पायांचं होतं. नराशी जुगलेल्या मादीच्या फलित अंड्यांतून माद्या होतात, अफलित अंड्यांतून नर. म्हणजे एकटी कुमारी मादी वाऱ्याने नव्या बेटावर पडली तरी वंश थांबत नाही. नराकडे गुणसूत्रांचा एकच संच असल्याने औषध पचवणारा गुण त्याच्यात झाकून राहू शकत नाही. जो नर टिकला, तो हा गुण पुढे मुलींना देतो. फवारा जाळ्यावरच अडतो, आणि साध्या कीटकनाशकाने मरतात ते या कोळ्यांना खाणारे शिकारी कोळी.

कुणी म्हणेल, पैसा काठीत आहे, कोळ्यांमुळे पानं पांढुरली म्हणून काय बिघडलं? बिघडतं. पुढच्या पावसाळ्यातले वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, याच पानांच्या कमाईवर फुटतात. मग काहीच करायचं नाही का? चीनच्या फूच्येन प्रांतातलं उदाहरण पाहा. तिथे मिश्र रानं मोडून निव्वळ बांबू ठेवला गेला, खालचं गवत काढलं गेलं, आणि कोळ्यांचा उद्रेक झाला. त्या गवतावर दुसऱ्या जातीचे कोळी राहत. बांबूवर भक्ष्य कमी असे तेव्हा शिकारी त्यांच्यावर जगत. गवत गेलं, शिकाऱ्यांची शिदोरी गेली. आपला मानवेल बांबू वेगळा, उन्हाळ्यात पानं झाडणारा, हवाही वेगळी. तिथला हिशेब इथे जसाच्या तसा लागू होईल असं मी म्हणत नाही. पण विळा घेऊन बेटाखाली शिरण्याआधी चार पानं उलटून पाहायला काय हरकत आहे?