वारशातील नाणी : मोडीचा भाव आणि रास्त भाव

वारशाने आलेला नाण्यांचा डबा दुकानात येतो तेव्हा विकणाऱ्याला त्यातले फारसे काही ठाऊक नसते आणि घेणाऱ्याला जवळजवळ सगळे ठाऊक असते. जमवणारा हयात नसतो. त्याची वही सापडली तरी खुणा त्याच्याच. या व्यवसायातले बाकीचे वाद या विषमतेपुढे किरकोळ आहेत. नाणे-व्यापाऱ्यांच्या या संमेलनाने मागितला होता तो महाराष्ट्रातील नाणेसंग्रहाचा आढावा; तो छापील प्रतीत सवडीने येईल, इथे बोलायचे आहे ते या विषमतेबद्दल.

मूल्यांकनाची सुरुवात नाणी आहेत तशी पाहण्यापासून होते. चिंच, लिंबू किंवा राख लावून उजळलेल्या नाण्याची किंमत उतरते, कारण वर्षानुवर्षे चढलेली छटा परत आणता येत नाही. दागिन्यासाठी कडी डाखलेले नाणे तर बहुधा धातूच्या भावावरच येते. जुनेपणा आणि दुर्मिळता यांचीही गल्लत होते. 1862 हे साल व्हिक्टोरियाच्या रुपयावर 1874 पर्यंत कायम राहिले, त्यामुळे ते नाणे अमाप आहे. एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ असलेली शिवराई पेशवाईतही पडत राहिली. घरोघरी सांगतात तशी प्रत्येक शिवराई महाराजांच्या काळातली नसते. तिथे अक्षरांचे वळण आणि ठशाचा किती भाग नाण्यावर उतरला आहे, हे पाहावे लागते.

काट्यावर विसंबणे सर्वांत घातक. ब्रिटिश अमलातला चांदीचा रुपया 11.66 ग्रॅमचा. 1939 पर्यंतच्या रुपयात चांदी सुमारे 91.7 टक्के, म्हणजे 10.69 ग्रॅम, 1940 ते 1945 च्या रुपयात निम्मी, म्हणजे 5.83 ग्रॅम. वजन तेच. साल न वाचता ढीग तोलला की एका बाजूचे नुकसान ठरलेलेच, आणि ते बहुधा कोणाचे होते हे सभागृहाला माहीत आहे.

‘विचारले नाही तर सांगायचे कशाला? ज्ञान हेच भांडवल’, असे अनेक सहकारी मानतात. प्रस्तुत वक्त्याने सुमारे 40 वर्षांपूर्वी ज्या पेढीवर उमेदवारी केली, तिथे एक विधवा बाई पतीचा पत्र्याचा डबा घेऊन आल्या होत्या. मालकाने सगळे रुपये मोडीच्या भावाने तोलले. त्यांत सहाव्या जॉर्जचा 1939 चा दुर्मिळ रुपया होता, अस्सल. नकली इतके फिरतात की अस्सल दिसताच हात थांबतो. उमेदवाराचा हात थांबला, तोंड मात्र उघडले नाही. बाईंनी पैसे दोनदा मोजले, पदरात बांधले आणि ‘यांनी फार जपलं होतं’ एवढेच म्हणाल्या. त्या पुन्हा आल्या नाहीत. भांडवलाचा युक्तिवाद त्या दिवसापासून खोटा ठरलेला आहे.

रास्त देकार म्हणजे लेखी देकार. साध्या चांदीच्या नाण्यांना त्या दिवसाच्या चांदीच्या भावातून थोडी घट वजा करून एकत्र दर द्यावा. निवडक नाण्यांची एकेक नोंद करावी: साल, टांकसाळ, अवस्था, अपेक्षित विक्रीभाव आणि देऊ केलेली रक्कम. पुस्तकातला भाव हा खरेदीचा भाव नव्हे. मागणीच्या नाण्याला विक्रीभावाचा मोठा हिस्सा देता येतो, वर्षभर पडून राहणाऱ्याला कमी, आणि हा फरक विकणाऱ्याला दिसला पाहिजे. व्यापाऱ्याचा नफा लपवण्याची गरज नाही. यादी घरी नेण्याची, दुसऱ्या दुकानात दाखवण्याची मुभा हवी. शंभर वर्षांवरील नाणी 1972 च्या पुरावस्तू कायद्याखाली येतात. ती खाजगीरीत्या परदेशी पाठवता येत नाहीत, हेही वारसांना तिथेच सांगावे. परदेशी असलेल्या मुलांसाठी पाकिटे निघण्याआधी ते कळणे बरे.

अशा यादीचा एक छापील नमुना आपल्या संघटनेने सर्व सभासदांना द्यावा, असा प्रस्ताव याच अधिवेशनात मांडला जात आहे. त्यातले रकाने, आणि तो न वापरणाऱ्याचे काय करायचे, हे एका छोट्या समितीने ठरवायचे आहे. समितीसाठी नावे उद्या सकाळच्या सत्रात घेतली जातील.