रिपोर्टात न निघणारं दुखणं



ऑगस्ट लागला की आमच्या शेंदूरजनाघाटात दोन गोष्टी एकदमच सुरू होतात. आंबिया बहाराची फळं गळायला लागतात आणि दवाखान्यात पोटाचे पेशंट वाढतात. फळगळीची कारणं कृषी खात्याची माणसं सांगतील: बुरशी, पतंग, बुंध्याशी साचलेलं पाणी. पोटाच्या बाबतीत पावसाळ्यातलं गढूळ पाणी असतंच, त्यातून जुलाब, कावीळ, टायफॉइड होतो. पण काही पेशंट असे येतात की त्यांच्या दुखण्याला पाणी जबाबदार नसतं, अन्नही नसतं. आज त्यांच्याविषयी बोलतो.

असे पुष्कळ जण मिळून झालेला एक माणूस डोळ्यांसमोर आणा. चाळिशीतला, थोडी संत्र्याची बाग, थोडी कलमांची रोपवाटिका. हातात प्लास्टिकची पिशवी. पिशवीत वरूडची सोनोग्राफी, अमरावतीची एंडोस्कोपी, नागपूरला केलेल्या रक्ताच्या तपासण्या. सगळं नॉर्मल. खुर्चीत टेकता टेकता तो म्हणतो, "साहेब, रिपोर्टात काईच निंगत नाई, मंग पोट काहून दुखते जी?" सकाळी तीन-तीनदा जावं लागतं, तरी पोट साफ झाल्यासारखं वाटत नाही. दोन घास खाल्ले की फुगतं. छातीत जळजळ. आणि उठता उठता, अगदी सहज म्हणून, तो सांगतो की व्यापारी बाग पाहायला यायचा असला त्या दिवशी तर घरातून निघणंच मुश्कील होतं.

तपासणी खरी तिथून सुरू होते.

घरचे त्याला म्हणतात, टेन्शन नको घेऊ. डॉक्टर म्हणतात, तुम्हाला काही झालेलं नाही. दोन्ही वाक्यं चांगल्या मनानं बोललेली, आणि दोन्ही सारखीच निरुपयोगी. त्याचं पोट दुखतंय हे शंभर टक्के खरं आहे.

आपल्या शरीरात नसांचं एक जाळं असं आहे की ते आपल्याला विचारून काम करत नाही. हृदयाचे ठोके, घाम, लाळ, आतड्यांची हालचाल हे सगळं ते परस्पर सांभाळतं. त्याला स्वायत्त मज्जासंस्था म्हणतात. तिचा एक भाग धोक्याच्या वेळी पुढे येतो, दुसरा निवांतपणी. समोर साप दिसला की पहिला भाग रक्त पोटाकडून हातापायांकडे वळवतो, लाळ आटवतो, जठराचं काम मंदावतो. साप आडवा आल्यावर भाकरी पचवत बसायला वेळ कोणाला आहे! पण त्याच वेळी मोठं आतडं मात्र घाई करतं. म्हणून एकाच माणसाला वर भरल्यासारखं होतं आणि खाली पळापळ होते. ऐकणाऱ्याला ही तक्रार विसंगत वाटते, आणि अशा तक्रारींना लोक 'नाटक' म्हणतात. त्यात नाटक काही नाही.

गोम अशी की या नसांना साप आणि संत्र्याचा भाव यांतला फरक कळत नाही. बांगलादेशानं आमच्या संत्र्यावरचं आयातशुल्क वाढवलं, की ढाक्यात काय व्हायचं ते होवो, आमच्याकडे माणसाची भूक जाते. साप तरी निघून जातो. कर्ज, पडलेला भाव आणि लेकीचं ठरत नसलेलं लग्न महिनोन्‌महिने दारात बसून राहतं.

हे सगळं कोणी कल्पनेनं मांडलेलं नाही, डोळ्यांनी पाहिलेलं आहे. १८२२ साली अमेरिकेत मॅकिनॅक बेटावर अलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या तरुण हमालाला अगदी जवळून बंदुकीची गोळी लागली. विल्यम बोमाँट या लष्करी डॉक्टरनं त्याला वाचवलं, पण पोटावरचं भोक काही बुजलं नाही. त्यातून थेट जठर दिसायचं. बोमाँटनं पुढची कितीतरी वर्षं रेशमी दोऱ्याला मांसाचा, भाजीचा तुकडा बांधून त्या भोकातून आत सोडला आणि ठरावीक वेळानं बाहेर काढून किती पचलाय ते पाहिलं. सेंट मार्टिनला हा प्रकार बिलकूल आवडत नसे, तो चिडायचा, पळूनही जायचा. कोणाला आवडेल? पण त्याच्या चिडण्यातूनच एक गोष्ट कळली: तो रागात असला की जठराचा रंग बदले, पचन बिघडे. बोमाँटचं पुस्तक १८३३ साली आलं. पुढे १८९७ च्या सुमारास हार्वर्डमध्ये शिकणाऱ्या वॉल्टर कॅननला क्ष-किरणांखाली मांजरीचं जठर पाहताना आढळलं की मांजर बिथरली की जठराची हालचाल जागच्या जागी थांबते. आपल्याकडे चरकसंहितेत तर फार आधीच सांगून ठेवलंय की पथ्याचं, मापात खाल्लेलं अन्नसुद्धा चिंता, शोक, भय, क्रोध आणि जागरण असेल तर पचत नाही. जागरण त्या यादीत आहे हे लक्षात असू द्या. त्याकडे मी पुन्हा येणार आहे.

आता बागाईतदारांसाठी एक गोष्ट. झाडाला ताण देणं तुम्हाला मी काय शिकवणार? पाणी तोडायचं, पानं मलूल होऊ द्यायची, मग हलकं पाणी देऊन ताण तोडायचा, की बाग फुलावर येते. ताण तुटलाच नाही तर तेच झाड पानं गाळतं, शेंड्याकडून वाळत येतं. नसांचंही तेच. परीक्षेचा, सौद्याचा, लग्नघरातला चार दिवसांचा ताण माणसाला उलट कामाला लावतो. बाधतो तो न तुटणारा ताण. आणि वरूड तालुक्यात जमिनीतलं पाणी इतकं उपसून झालंय की ताण तोडायचा म्हटलं तरी बोअरला पाणी लागलं पाहिजे! माणसाच्या बाबतीतही, ज्याच्याकडे विसाव्याची सोयच नाही त्याला 'आराम करा' म्हणून चिठ्ठी लिहून देण्यात काही अर्थ नाही.

ताण लांबला की आणखी एक गोष्ट होते. आतड्याच्या नसा जास्त जाग्या होतात. गॅस तुमच्या-माझ्या पोटात असतो तितकाच त्याच्याही पोटात असतो. आपल्याला तो कळत नाही, त्याला कळ येते. अशा पोटाला डॉक्टर आयबीएस म्हणतात. सोनोग्राफीत आतड्याचा आकार दिसतो, त्याच्या नसांचा चिडका स्वभाव दिसत नाही. म्हणून रिपोर्टात काही निघत नाही.

मनाकडून पोटाकडे येणारा हा रस्ता एकेरी मात्र नाही. मेंदूपासून पोटापर्यंत उतरणारी व्हेगस नावाची मोठी नस आहे. तिच्यातले सुमारे ८० टक्के तंतू निरोप खालून वर नेतात, म्हणजे पोटाकडून मेंदूकडे. आतड्याच्या भिंतीत १० कोटींच्या वर चेतापेशी आहेत. शरीरातलं सेरोटोनिन हे रसायन बहुतांश आतड्यातच तयार होतं. तेव्हा महिनोन्‌महिने पोट बिघडलेलं असलं की माणूस चिडचिडा होतो, उदास होतो, त्यात नवल काही नाही. ऑस्ट्रेलियात १२ वर्षं लोकांचा पाठपुरावा करून २०१२ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. काहींना आधी चिंता होती आणि पोट नंतर बिघडलं. काहींचं मात्र पोट आधी बिघडलं आणि चिंता मागून आली. म्हणून 'मनावर घेतलंय म्हणून दुखतंय' हा निवाडा इतक्या घाईनं देऊ नये.

बायकांच्या तक्रारी याहून वेगळ्या वाटेनं येतात. घशात गोळा अडकल्यासारखं होतं, जेवण उतरत नाही, जीव घाबराघाबरा होतो. त्यांची फाइलसुद्धा नसते, कारण त्यांच्या तपासणीची पाळी घरात सगळ्यांच्या शेवटी येते. नवऱ्याचं पोट सौद्याच्या दिवशी बिघडतं. बायकोचं त्या दिवशी रात्री, तो काय भाव घेऊन घरी येतो या धास्तीनं.

आता जागरण. थ्री फेजची लाईन रात्रीची असली की शेतकरी रात्री ओलितावर. थंडीत पाय चिखलात, हातात टॉर्च, मनात विंचू-सापाची धाकधूक. घरी येऊन पहाटे झोपतो तोच दिवस उजाडतो. आतड्यालाही दिवस-रात्रीचं वेळापत्रक असतं, आणि लाईनच्या पाळीबरोबर ते उलटंपालटं होतं. मग जाग राहावी म्हणून उपाशीपोटी चहा, त्यावर खर्रा. चहातलं कॅफीन आणि तंबाखूतलं निकोटीन, दोन्ही त्याच धोक्याच्या नसांना चाबूक मारतात. 'खर्रा खाल्ल्याशिवाय पोटच साफ होत नाही' असं सांगणारे माझ्याकडे कमी नाहीत. होतं साफ, हे खरं. पण त्याची किंमत तोंडापासून जठरापर्यंत सगळे मोजतात.

मोबाइलवर हल्ली व्हेगस नस 'जागी करण्याचे' व्हिडिओ फिरतात, बर्फाच्या पाण्यात तोंड बुडवा वगैरे. त्यात फार जीव नाही. श्वास मात्र खरोखर उपयोगाचा. मिनिटाला सहाएक श्वास, घेताना सहज आणि सोडताना लांबवत, जेवणाआधी पाच मिनिटं. लांब उच्छ्वासात हृदयाची गती खाली येते, निवांतपणाच्या नसा पुढे येतात. जेवताना बाजारभावाचा ग्रुप बंद. रात्रीचं ओलीत टाळता येत नसेल तर दुसऱ्या दिवशी दुपारी तासभर आडवं व्हा, कोणी आळशी म्हटलं तरी.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. सगळंच ताणाच्या माथी मारू नका. जठरातला व्रण, म्हणजे अल्सर, हा काळजीनं होतो असं डॉक्टरसुद्धा वर्षानुवर्षं म्हणत आले. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी दाखवून दिलं की बहुतेक व्रणांमागे एक जंतू आहे. त्यासाठी मार्शल यांनी १९८४ मध्ये त्या जंतूचं पाणी स्वतः पिऊन पाहिलं, आणि २००५ साली दोघांना नोबेल मिळालं. कंबरदुखीसाठी मेडिकलमधून आणलेल्या गोळ्यांनीही व्रण होतो. शौचातून रक्त पडत असेल, शौच डांबरासारखं काळं होत असेल, वजन कारणाशिवाय उतरत असेल, घास अडकत असेल, दुखण्यानं झोपेतून जाग येत असेल, किंवा पन्नाशीनंतर हे सगळं नव्यानं सुरू झालं असेल, तर श्वासाचे व्यायाम बाजूला ठेवा आणि आधी तपासून घ्या. आणि ती रिकाम्या पोटी घ्यायची ॲसिडिटीची गोळी डॉक्टरला न विचारता वर्षानुवर्षं चालू ठेवू नका.

तपासून झालं, रिपोर्ट नॉर्मल आले, आणि झोप उडालेली आहे, कशात मन लागत नाही, जगून काय करायचं असं मनात येतं, तर ते पोटाच्या पुढचं दुखणं आहे आणि त्याला उपचार आहेत. आपल्याच अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला. गावातल्याच माणसांना शिकवलं आणि त्यांनी घरोघरी लोकांचं ऐकून घेतलं. २०१७ मध्ये 'लॅन्सेट सायकिअॅट्री'त त्याचे आकडे आले: नैराश्य असलेल्या १०० जणांतले आधी जेमतेम ४ जण मदतीपर्यंत पोहोचत होते, नंतरच्या पाहणीत २७. शहरातल्या मोठ्या दवाखान्यानं नव्हे, ओसरीवर बसून ऐकणाऱ्या माणसांनी हे घडवलं. तरी ७३ जण राहिलेच, हेही त्याच आकड्यात आहे.

आज मनाच्या दुखण्यासाठीच्या 'टेली-मानस' हेल्पलाइनचा क्रमांक आहे, १४४१६. एक, चार, चार, एक, सहा. फोन फुकट आहे, दिवसरात्र लागतो, मराठीत बोलता येतं. पलीकडच्या माणसाला मनाचं काही सांगायला संकोच वाटला, तर सरळ पोटापासून सुरुवात करा: भूक लागत नाही, पोट साफ होत नाही, रात्री झोप येत नाही. पुढचं ते विचारतील.