नागीण, तीन दिवस आणि मी न बघितलेला फोटो

ज्यांना ऐकायला वेळ नाही, वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा या आठवड्याच्या एपिसोडचा मजकूर. बोललो तसाच ठेवलाय, फक्त माझे 'म्हणजे', 'ॲक्च्युअली' तेवढे काढलेत.

आजचा विषय माझ्या घरातला आहे. गेल्या वर्षी एका गुरुवारी रात्री आईने व्हॉट्सॲपवर एक फोटो पाठवला. उजव्या बाजूला, पाठीपासून छातीखाली लाल पट्टा आणि त्यावर पाण्याच्या थेंबासारखे बारीक फोड. खाली लिहिलं होतं, 'बघ रे काय झालंय.' मी मॅच बघत होतो. फोटो मोठा करूनसुद्धा पाहिला नाही. 'काहीतरी चावलं असेल, मेडिकलमधून ट्यूब आण,' असं उत्तर टाकलं आणि वर एक अंगठा.

आई तेव्हा ५४ वर्षांची. ती आणि बाबा गावी, सांगलीकडे, दादा-वहिनीजवळ राहतात. मी पुण्यात. त्या फोटोच्या तीन दिवस आधीपासून ती म्हणत होती की पाठीत आग होतेय, कुणी निखारा ठेवल्यासारखं वाटतंय. अंगावर काहीच दिसत नव्हतं, म्हणून आम्ही सगळ्यांनी 'गॅस असेल' म्हणून बाम चोळला. आता कळतं, या आजाराची सुरुवात बऱ्याचदा अशीच होते. आधी दुखणं, आग, मुंग्या, आणि मग एक ते पाच दिवसांनी पुरळ.

शुक्रवारी सकाळी शेजारच्या काकूंनी एका नजरेत ओळखलं, 'अगं, ही नागीण.' निदान बरोबर होतं, हे मला मुद्दाम सांगायचंय. माझ्यापेक्षा काकू हुशार निघाल्या. गडबड पुढे झाली. नागिणीने अंगाला पूर्ण वेढा घातला, तोंड शेपटीला टेकलं की माणूस जातो, हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. म्हणून मग गावातल्या एका मंत्रवाल्याकडे नेलं. त्याने सलग तीन दिवस बोलावलं. वरून गेरू, घरी तांदूळ-दूर्वांचा लेप, कुणाची सावली पडू द्यायची नाही, तिखट खायचं नाही. शुक्रवार, शनिवार, रविवार गेले.

आणि या आजारात नेमके हेच तीन दिवस मोलाचे असतात.

थोडं आत जाऊन बघू. लहानपणी आपल्याला कांजिण्या येतात. फोड सुकतात, शाळा सुरू होते, आपण विसरतो. तो विषाणू मात्र शरीरातून जात नाही. पाठीच्या कण्याजवळ मज्जातंतूंच्या गाठी असतात, तिथे तो झोपून राहतो, चाळीस-पन्नास वर्षंसुद्धा. वय वाढलं, मधुमेह असला, कॅन्सरचे उपचार किंवा स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू असल्या, एचआयव्ही असला, म्हणजे प्रतिकारशक्ती ढिली पडली, की तो जागा होतो आणि एकाच नसेच्या वाटेने कातडीपर्यंत येतो. (तरुणांनाही होते बरं का, कमी प्रमाणात.) कांजिण्या आणि नागीण यांचा हा धागा नीट मांडला तो एडगर होप-सिम्पसन नावाच्या इंग्लंडमधल्या एका साध्या फॅमिली डॉक्टरने. आपल्या दवाखान्यातल्या पेशंटच्या नोंदी वर्षानुवर्षं ठेवून त्याने १९६५ साली तो प्रबंध छापला. मला हा माणूस फार आवडतो.

आता वेढ्याचं बघा. प्रत्येक नस शरीराच्या एकाच बाजूची असते. डावीकडची डावीकडे, उजवीकडची उजवीकडे. म्हणून पट्टा पाठीच्या मध्यापासून निघतो आणि पोटाच्या किंवा छातीच्या मध्याशी येऊन थांबतो. मंत्रवाला म्हणतो, 'बघा, मी थांबवली.' ती तिथेच थांबणार असते हो. ज्यांची प्रतिकारशक्ती फारच खालावलेली असते त्यांच्यात पुरळ दोन्ही बाजूंना किंवा अंगभर पसरू शकतं आणि ते खरंच धोक्याचं असतं. जुन्या माणसांनी कदाचित तेच पाहिलं असेल. तसं दिसलं तर थेट हॉस्पिटल.

सोमवारी मी गावी पोहोचलो आणि आईला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, 'पुरळ कधी दिसलं?' मी फोन काढून फोटोवरची वेळ दाखवली. गुरुवार, रात्री सव्वानऊ. त्याखाली माझा अंगठा. त्यांनी तो पाहिला, काही बोलले नाहीत.

विषाणूवरच्या गोळ्या, म्हणजे ॲसायक्लोव्हिर, व्हॅलासायक्लोव्हिर वगैरे, पुरळ दिसल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाल्या तर सगळ्यात जास्त उपयोग होतो. फोड लवकर सुकतात, दुखणं कमी होतं. आईला नवे फोड अजून येत होते, म्हणून डॉक्टरांनी उशिरा का होईना, दिल्याच. सात दिवस, दिवसातून पाच वेळा. मी तिच्या फोनमध्ये पाच अलार्म लावले. तुम्ही मात्र हे ऐकून स्वतः गोळ्या आणू नका. किडनीचा त्रास असेल तर डोस बदलावा लागतो. आणि मी सुचवलेली ती 'ट्यूब'? मेडिकलवाले खाजेसाठी देतात त्या मलमांत बरेचदा स्टेरॉइड असतं. नागिणीवर ते लावायचं नसतं. फोड फोडायचे नाहीत, जागा स्वच्छ आणि कोरडी ठेवायची, सैल सुती कपडे घालायचे, एवढं पुरतं.

दुसरा प्रश्न त्यांनी वहिनीकडे बघून विचारला. तिला सातवा महिना होता आणि लेप तीच लावत होती, उघड्या हातांनी. 'हिला लहानपणी कांजिण्या आल्या होत्या का?' आमच्या घरात सावली कुणाची पडते यावर पहारा होता आणि खरी काळजी जिची घ्यायची, तिच्याच हातात वाटी दिलेली! नागिणीपासून दुसऱ्याला नागीण होत नाही. पण फोडातल्या पाण्यातून, ज्याला कांजिण्या आल्या नाहीत आणि लसही झाली नाही, त्याला कांजिण्या होऊ शकतात. गरोदर बाईला, नवजात बाळाला ते जड जातं. खपल्या धरेपर्यंत फोड झाकून ठेवायचे, हात धुवायचे. वहिनीला सहावीत असताना येऊन गेल्या होत्या. सुटलो.

एक गोष्ट खास तुमच्यासाठी, कारण तुम्ही चिठ्ठीवरचं नाव गुगल करणार. चिठ्ठीवर 'हर्पिस झोस्टर' लिहिलेलं असतं. 'हर्पिस' टाकलं की लैंगिक आजाराची पानं उघडतात. दादाने ते वाचलं आणि दोन दिवस आईशी धड बोललाच नाही. तो आजार वेगळा, त्याचा विषाणू वेगळा. फक्त घराणं एक.

आणि चेहऱ्यावर आली तर एक दिवसही थांबू नका. कपाळावर, डोळ्याजवळ, विशेषतः नाकाच्या शेंड्यावर फोड दिसले तर डोळ्याला धोका असतो, नजर जाऊ शकते. कानात फोड आणि तोंड एका बाजूला वाकडं झालं, तरी तेच, लगेच धाव.

आईचे फोड तीन आठवड्यांत गेले. दुखणं गेलं नाही. पुरळ गेल्यानंतर तीन महिन्यांपेक्षा जास्त राहतं ते नसेचं दुखणं, आणि वय जास्त असेल तर त्याची शक्यता जास्त. आठ महिने तिला ब्लाउजची शिवण टोचायची, पंख्याचा वारा लागला तरी कळ यायची. साध्या पेनकिलरने ते थांबत नाही, नसांसाठीच्या वेगळ्या गोळ्या द्याव्या लागतात. मी डॉक्टरांना विचारलं, शुक्रवारीच आणलं असतं तर हे टळलं असतं का? ते म्हणाले, 'खात्रीने नाही सांगता येणार. पण फोड आणि पहिले दिवस नक्की सोपे गेले असते.'

लस आहे. २०२३ पासून भारतात मिळते. पन्नाशीच्या पुढच्यांसाठी, दोन डोस, दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने. त्यात जिवंत विषाणू नसतो. मोठ्या चाचणीत पन्नाशीच्या पुढच्यांमध्ये तिने नव्वद टक्क्यांहून जास्त संरक्षण दिलं. दंड दुखतो, एखाद-दोन दिवस कणकण येते. सरकारी मोफत लसीकरणात ती नाही आणि महाग आहे, हे खरंय. आम्ही दिवाळीचा बोनस त्यात घातला. नागीण होऊन गेलेल्यांनाही बरं झाल्यावर घेता येते.

बाबांचा पहिला डोस झालाय. आई सोबत गेली होती. नर्सने सुई टोचताना बाबांनी 'आई गं' केलं, तर ती म्हणाली, 'एवढ्याने ओरडताय?'

आता आईचा फोटो आला की मी मोठा करून बघतो. काल आलेला कारल्याच्या वेलाचा होता.