कुंडलिकेचे पाणी व नत्राचा हिशेब

पाणी उकळले, गाळले आणि झाकून ठेवले की ते पिण्यास निर्धोक झाले, अशी सुशिक्षित कुटुंबांतून पक्की समजूत असते. पटकी, विषमज्वर, हगवण ह्या रोगांपुरती ती समजूत रास्तच आहे. परंतु पाण्यात असाही एक दोष उतरतो की जो चुलीच्या आचेला मुळीच जुमानत नाही. उलट पाणी जितके आटेल तितका तो दाट होत जातो. हा दोष म्हणजे पाण्यात विरघळलेले नत्र, रसायनशास्त्राच्या भाषेत नायट्रेट. त्यास रंग नाही, वास नाही, आणि जिभेलाही तो कळत नाही. तो कोठून येतो आणि त्याचा बंदोबस्त कसा व्हावा, हे समजून घेण्यास जालन्याची कुंडलिका नदी हे उत्तम उदाहरण होय.

ही नदी काही मोठी नव्हे. शहराच्या वरच्या अंगास तिच्यावर निजामी राजवटीत बांधलेला घाणेवाडीचा जलाशय आहे. तेथील पाणी पंपाच्या साहाय्यावाचून, केवळ उताराच्या बळावर जालन्यास येते. खाली आल्यावर नदी शहरातून वाहते, सीना नदीस भेटते, पुढे दुधनेत मिसळते; दुधना पूर्णेत आणि पूर्णा गोदावरीत जाते. म्हणजे जलाशयाच्या वर शेते, जलाशयाखाली शहर, आणि शहराखाली पुन्हा गावे व त्यांच्या विहिरी, असा हा क्रम आहे. ह्या वाटेवर नत्राची भर दोन ठिकाणी पडते: एकदा शेतात आणि एकदा शहरात.

वास्तविक नत्राचा तुटवडा पडावा असे कारण नाही. हवेच्या शंभर भागांत सुमारे ७८ भाग नत्रवायूच आहे. परंतु तो इतका उदासीन, की पिकाला तो थेट घेता येत नाही. तूर, हरभरा, मूग ह्यांच्या मुळांवरील गाठींतील सूक्ष्म जंतू तेवढे तो बांधून देतात. १९०९ साली जर्मनीत फ्रिट्स हाबर ह्यांनी हवेतील नत्रापासून अमोनिया करून दाखविला, आणि १९१३ साली कार्ल बॉश ह्यांच्या प्रयत्नाने त्याचा कारखाना उभा राहिला. तेव्हापासून खतास शेणाच्या ढिगाची मर्यादा उरली नाही. जगातील कोट्यवधी माणसांचे अन्न आज ह्याच नत्रावर पिकते. तेव्हा युरियास सरसकट दोष देणे हे कृतघ्नपणाचे ठरेल. दोष आहे तो मापात.

शेतकऱ्यास मिळणाऱ्या युरियाच्या ४५ किलोच्या पिशवीत सुमारे २० किलो ७०० ग्रॅम नत्र असते. पीक त्यातील निम्म्याच्या आसपास, कित्येकदा त्याहूनही कमी, उचलते. राहिलेल्यातील काही हवेत उडून जाते आणि काही जमिनीत नायट्रेटच्या रूपाने उरते. मातीचे कण अमोनियास धरून ठेवतात, पण नायट्रेटला धरीत नाहीत. पाणी जाईल तिकडे ते जाते. त्यातून जालन्याची जमीन काळी, उन्हाळ्यात भेगाळणारी. मृगाचा पहिला जोराचा पाऊस ह्या भेगांतून खाली उतरतो, तो उन्हाळाभर साठलेले नत्र बरोबर घेऊनच. खालच्या काळ्या पाषाणाच्या फटींतून ते विहिरीस मिळते, आणि वरून वाहणारे पाणी ओढ्याने जलाशयात येते.

हे नत्र किती पुरते, ह्याचा हिशेब कोणाही विद्यार्थ्यास करता येईल. एक किलो नत्राचे सुमारे ४ किलो ४०० ग्रॅम नायट्रेट होते. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या एका लिटर पाण्यात ४५ मिलिग्रॅमपर्यंत नायट्रेट चालते. म्हणजे पिकाच्या तोंडून सुटलेले एक किलो नत्र जवळजवळ एक लक्ष लिटर निर्मळ पाण्याला ह्या मर्यादेपर्यंत आणून ठेवते.

हे ऐकून शहरातील गृहस्थ शेतकऱ्याकडे बोट दाखवील, तर त्याने स्वतःचाही जमाखर्च पाहावा. डाळ, दूध, धान्य ह्यांतून खाल्लेले नत्र शरीरात राहत नाही. प्रत्येक प्रौढ माणूस दिवसाकाठी सुमारे १० ग्रॅम नत्र, मुख्यतः मूत्रावाटे, बाहेर टाकतो. २०११ च्या शिरगणतीत जालना शहराची वस्ती २ लक्ष ८५ हजारांवर होती. मुलांची वजावट केली तरी इतक्या वस्तीतून रोज दोन हजार किलोंहून अधिक नत्र निघते. म्हणजे युरियाच्या शंभराच्या आसपास पिशव्या दररोज! मैल्याची टाकी घाण अडविते, नत्र अडवीत नाही. सांडपाणी शुद्ध करणारा साधा कारखानाही घाण काढतो. नत्र काढावयाचे तर त्यासाठी निराळी योजना लागते. शेतातील नत्र पावसाची वाट पाहते. शहरातील नत्राची वाट मात्र गटारातून बारमाही चालू असते.

साचलेल्या पाण्यात नत्र व स्फुरद एकत्र आले की त्यांचे खतच होते, आणि ते पिकवितात शेवाळ. पाण्यावर हिरवी साय धरते, जलपर्णी पसरते, तळाशी उजेड पोहोचत नाही. मग ते शेवाळ मरते, कुजते, आणि कुजताना पाण्यातील प्राणवायू खाऊन टाकते; पहाटे मासे पाण्यावर तोंड काढून तडफडतात. काही जातींचे शेवाळ तर विषही सोडते. अमेरिकेत ईरी सरोवराकाठी टोलेडो नावाचे शहर आहे. २०१४ च्या ऑगस्टात तेथील सुमारे चार लक्ष लोकांना नळाचे पाणी पिऊ नका, आणि उकळूनही पिऊ नका, असे बजावावे लागले. श्रीमंत देशाच्या अफाट सरोवराची ही गत, तर दुष्काळात तळाला जाणाऱ्या मराठवाड्याच्या तलावांची काय कथा? पाणी आटते, पण त्यातील क्षार आटत नाहीत.

ह्या सर्वांत अधिक धोका तान्ह्या मुलास असतो. पोटात नायट्रेटचे नायट्राइट होते, ते रक्तातील तांबड्या द्रव्यास बिघडविते, आणि त्या रक्ताला प्राणवायू वाहून नेता येत नाही. मूल निळे पडते. १९४५ साली अमेरिकेतील आयोवा प्रांतात डॉ. हंटर कॉमली ह्यांनी विहिरीचे पाणी व हा आजार ह्यांचा संबंध प्रथम दाखवून दिला. वरच्या दुधात ते पाणी मिसळले जात होते. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे देशातील ४४० जिल्ह्यांत कोठे ना कोठे मर्यादेबाहेर नायट्रेट आढळले. महाराष्ट्रात शंभरांतील ३५ हून अधिक नमुने तसे निघाले. सर्वांत अधिक झळ लागलेल्या १५ जिल्ह्यांत बुलढाणा व बीड आहेत. जालना जिल्हा ह्या दोहोंना लागून आहे.

तेव्हा करावे काय? घरात विहिरीचे अथवा कूपनलिकेचे पाणी असेल तर ते एकदा प्रयोगशाळेत तपासून घ्यावे. तुरटी, मेणबत्तीची गाळणी व उकळणे ह्यांचा नायट्रेटवर इलाज चालत नाही. आरओ यंत्राने ते बरेच कमी होते. पहिले सहा महिने मुलास आईचेच दूध द्यावे. ह्या धोक्यापासून त्याचे रक्षण करणारा त्याहून स्वस्त उपाय नाही. शेतकऱ्याने माती तपासून खत द्यावे, युरिया एकदम न टाकता दोन-तीन हप्त्यांनी द्यावा, आभाळ भरून आले असता टाकू नये, आणि कपाशीत तूर-मुगाचे पाटे ठेवावे. ओढ्याकाठी गवताचा पट्टा राखला तर वाहत्या पाण्यातील बरेचसे नत्र तेथेच अडते. नगरपालिकेने सांडपाणी शुद्ध करताना नत्राचाही विचार करावा, आणि शुद्ध झालेले पाणी नदीत सोडण्यापेक्षा शेतास द्यावे. तेथे त्यातील नत्राचे पीक होईल.

ही शेवटची सूचना कोणास स्वप्नवत् वाटेल, तर त्याने घाणेवाडीकडे पाहावे. जलाशय गाळाने भरत चालला तेव्हा जालन्याच्या नागरिकांनी पुढाकार घेऊन तो गाळ उपसला, आणि शेतकऱ्यांनी तो आपल्या शेतांत नेऊन पसरला. शेताची माती शेताला मिळाली, तलावाची जागा तलावाला मिळाली. गाळ डोळ्यांना दिसत होता म्हणून लोक जागे झाले. नत्र डोळ्यांना दिसत नाही; पण त्याचाही न्याय तोच आहे. शेतात ते लक्ष्मी आहे आणि पाण्यात विष. ते आपल्या जागी राहील अशी व्यवस्था करणे, हे शेतकऱ्याइतकेच शहरातील प्रत्येक घराचे काम आहे.