मोठा ग्रंथ आणि हाताला बसलेले अवजार



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यास वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून चैत्र-वैशाखाच्या संध्याकाळी शहाण्या माणसांचे चार शब्द ऐकावे अशी चाल आपल्याकडे पडली आहे. चालकांनी आज त्या जागी माझ्यासारख्या निवृत्त शिक्षकाला उभे केले, ही त्यांची चूक की माझे भाग्य, ते आपण शेवटी ठरवावे. माझा विषय ऐकून काहींना वाटले असेल, की संगणकावर टंकलेखन कसे करावे हा काय व्याख्यानाचा विषय झाला? ते पोरे पंधरा दिवसांत शिकतात! खरे आहे. चार ओळींचा अर्ज पोरे पंधरा दिवसांत शिकतात. पण सहाशे पानांचा ग्रंथ तडीस नेणे ही गोष्ट निराळी आहे. परसातली वांगी लावणे आणि दहा एकरांत कपाशी पेरणे, यांत जेवढे अंतर आहे तेवढे या दोहोंत आहे.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. ठेच लागून शिकलो आहे. तेव्हा आधी ती ठेच सांगतो.

आमचे एक गुरुजी होते. त्यांना एकच छंद. या भागातले वऱ्हाडी शब्द गोळा करायचे. बाजारात, रसवंतीवर, जात्यावर, लग्नाच्या मांडवात जिथे नवा शब्द कानी पडे, तिथे खिशातून कागदाचा कपटा काढून तो टिपून घ्यायचे. ‘धुरा’ म्हणजे दोन शेतांमधला बांध. ‘सालदार’ म्हणजे वर्षाच्या बोलीवर राहिलेला गडी. ‘इर्जिक’ म्हणजे गावाने मिळून एकाचे शेतकाम उरकून देणे. असे कपटे तीस-पस्तीस वर्षांत बिस्किटांचे आठ डबे भरून झाले. डोळे मंदावले तेव्हा त्यांनी ते डबे माझ्या स्वाधीन केले आणि म्हणाले, “बाबू, याचं पुस्तक कर.”

मी संगणक घेतला आणि रोज रात्री दोन तास बसून दोन वर्षांत सगळे कपटे उतरवले. प्रत्येक शब्द मी हाताने ठळक करीत होतो, प्रत्येक उदाहरण हाताने तिरके करीत होतो. अनुक्रमणिकेतले पृष्ठांक मोजून घातले होते. काम पुरे झाले म्हणून मोठ्या ऐटीत छापखान्यात गेलो. तिथल्या यंत्रावर फाईल उघडली, तो पडद्यावर मराठीचे एक अक्षर नाही! नुसती रोमन अक्षरे, कंस आणि टिंबे. मी वापरलेला फाँट त्या यंत्रावर नव्हता. कसाबसा तो फाँट मिळवला, तर मालक म्हणाले, पुस्तकाचा आकार लहान करू. आकार लहान झाला आणि सगळे पृष्ठांक चुकले. शब्दांची अक्षरे एक माप मोठी करायची ठरले, तर हजारो शब्द पुन्हा एकेक करून निवडायचे. त्या दुरुस्तीत दीड वर्ष गेले. मी गुरुजींकडे गेलो की ते विचारीत, “बाबू, पुस्तक कुठवर आलं?” मी म्हणे, “होतंच आलं, गुरुजी.” पुस्तक झाले तेव्हा ते विचारायला राहिले नव्हते.

मंडळी, ते दीड वर्ष कोणी नेले? संगणकाने नव्हे, आणि छापखान्यानेही नव्हे. अवजार हाताला बसवून न घेता मी कामाला लागलो, त्या अडाणीपणाने नेले.

आपण बहुतेक शेतकरी आहात. नवा वखर आणला तर आपण तो तसाच जुंपता काय? रुमणे आपल्या उंचीला बेताचे करून घेता, पास घासून घेता, मग शेतात जाता. जुन्या छापखान्यातला जुळारी हेच करी. त्याच्यापुढे खिळ्यांची केस असे, तिच्यात शेकडो खण. वारंवार लागणारी अक्षरे हाताजवळ, क्वचित लागणारी जोडाक्षरे दूर. देवनागरीच्या खिळ्यांची संख्या कमी कशी करता येईल, यासाठी लोकमान्य टिळकांसारख्या माणसाने डोके शिणवले, ते उगीच नव्हे. हाताचा एक हेलपाटा वाचला तर दिवसाकाठी पान वाचते.

आणि आपल्याकडची मोठी कामे पाहा. डॉक्टर केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे खंड १९२० पासून काढले. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे काम १९१९ साली हाती घेतले आणि ते १९६६ साली पुरे झाले. तिथे पद्धत अशी होती, की एका श्लोकाला एक स्वतंत्र कागद. वर छापील श्लोक, खाली एकेका पोथीला एकेक ओळ, आणि जिथे पाठ निराळा तिथेच तो लिहायचा. बाराशेंहून अधिक पोथ्यांचा पसारा त्या आखीव कागदामुळे माणसांच्या ताब्यात राहिला. संगणकाचा पत्ता नसताना त्या पंडितांना जे कळले होते, ते मला संगणक समोर असून कळले नाही. मजकूर निराळा आणि मजकुराची आखणी निराळी; आखणी आधी करावी.

आता ही आखणी संगणकावर कशी करायची, ते सांगतो. वर्ड घ्या की फुकट मिळणारे लिबरऑफिस घ्या, तत्त्व एकच आहे.

पहिली गोष्ट अक्षरांची. जुन्या फाँटांत पडद्यावर ‘क’ दिसे, पण पोटात एखादे रोमन अक्षरच असे. फाँट गेला की सोंग उतरले. युनिकोडमध्ये प्रत्येक मराठी अक्षराला जगभर एकच क्रमांक आहे. फाँट बदलला तर चेहरा बदलेल, अक्षर बदलणार नाही. म्हणून मोठे काम युनिकोडमध्येच करावे, यात तडजोड नको.

पण युनिकोडमध्येही मराठीला एक खोच आहे. आपल्या ‘वऱ्हाड’ या शब्दातलाच अर्धा र घ्या. तो दोन रीतींनी उमटवता येतो. एक म्हणजे टिंबाचा ऱ घेऊन त्याचा पाय मोडायचा. दुसरी म्हणजे साधा र, हलन्त आणि त्यामागे डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह. दिसायला दोन्ही सारखे, पण यंत्राच्या लेखी ते दोन निराळे शब्द! मी माझ्या ग्रंथात ‘वऱ्हाडी’ शोधला तर निम्मेच सापडले, कारण अर्धे काम घरच्या यंत्रावर आणि अर्धे भाच्याच्या यंत्रावर झाले होते. ‘ॲ’चेही तसेच. त्याला २००८ सालापासून स्वतंत्र क्रमांक आहे, आणि नुसत्या ‘अ’वर चंद्र ठेवूनही तो लिहिला जातो. म्हणून आरंभीच एक रीत ठरवावी, आणि ‘शोधा व बदला’ या सोयीने सारा ग्रंथ त्या एका रीतीवर आणावा. मराठी ग्रंथाचे शुद्धिकरण इथून सुरू होते.

दुसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे स्टाईल. मी शब्द ठळक करीत होतो. त्याऐवजी यंत्राला सांगायला हवे होते, की हा ‘मुख्य शब्द’ आहे, हा ‘अर्थ’ आहे, हे ‘उदाहरण’ आहे. प्रकरणाचे नाव हे ‘मथळा पहिला’, पोटप्रकरण हा ‘मथळा दुसरा’. लग्नात वराकडची माणसे, वधूकडची माणसे आणि वाजंत्री असे गट पाडले, म्हणजे पंगतीला कोण कधी बसेल हे एकदाच सांगून भागते. प्रत्येकाच्या कानात जाऊन सांगावे लागत नाही. तसेच हे. ‘मुख्य शब्द’ या स्टाईलचे माप एका जागी बदलले, की सहाशे पानांतले हजारो शब्द एका क्षणात बदलतात. माझे दीड वर्ष त्या एका क्षणात मावले असते!

इथे मराठी माणसाने एक जपावे. स्टाईलमध्ये इंग्रजी अक्षरांसाठी एक कप्पा असतो आणि आपल्यासारख्या लिप्यांसाठी दुसरा. पहिल्या कप्प्यात फाँट नि माप बदलून मराठीवर परिणाम होत नाही म्हणून पुष्कळ जण यंत्राला दोष देतात. दोष यंत्राचा नसतो. आपण शेजाऱ्याच्या घराला कुलूप लावीत असतो.

मथळे असे रीतसर दिले, की दोन फळे आपोआप मिळतात. एक, पडद्याच्या बाजूला साऱ्या प्रकरणांची पट्टी उघडते. ‘ध’वरून ‘स’वर जायला पाने उलटावी लागत नाहीत, नावावर बोट ठेवले की झाले. दुसरे, अनुक्रमणिका यंत्र स्वतः करते. मधे चार पाने वाढली तर तिला ‘ताजी हो’ एवढेच सांगायचे. फक्त छापखान्यात जाण्याआधी ते सांगायला विसरू नये. यंत्र आपण होऊन नेहमीच सांगत नाही.

तिसरी गोष्ट हाताच्या हेलपाट्याची. पडद्याच्या माथ्यावर शेकडो बटणे असतात. त्यांतली आपल्याला रोज लागतात ती आठ-दहा. ती निवडून एका ओळीत आणावी, बाकीची नजरेआड करावी. जी स्टाईल वारंवार लागते तिला कळफलकावरच्या दोन कळा नेमून द्याव्या. हेच जुळाऱ्याचे खण लावणे.

चौथी सोय लघुरूपांची. वारंवार येणारा मोठा शब्द यंत्राला लहान खुणेने शिकवता येतो; खूण टंकून जागा सोडली की पूर्ण शब्द उमटतो. पण खूण निवडताना डोके जाग्यावर हवे. मी ‘चिखली तालुका’ यासाठी ‘चिता’ अशी खूण ठरवली. पुढे अंत्यविधीचे शब्द लिहिताना मी टंकले, ‘मोठ्या मुलाने चिता पेटवली’. आणि यंत्राने आज्ञाधारकपणे लिहिले, ‘मोठ्या मुलाने चिखली तालुका पेटवली’! (हशा) तेव्हा खूण अशी असावी, की जी कोणत्याही भाषेत शब्द म्हणून येणार नाही.

पाचवी गोष्ट शुद्धलेखनाची. यंत्राच्या कोशात आपले शब्द नसतात. ‘इर्जिक’ लिहिले की खाली तांबडी रेघ. नवशिका घाबरतो आणि यंत्र सुचवील तो शब्द पत्करतो. असे करू नका! यंत्राला ‘इर्जिक’ शिकवा. प्रत्येक यंत्रात आपला स्वतःचा कोश वाढवायची सोय असते. मला तर वाटते, की बोलीत लिहिणाराचे ते कर्तव्यच आहे. नाही तर उद्या तांबड्या रेघेला भिऊन आपली लेकरे ‘धुरा’ लिहायचे सोडतील आणि ‘बांध’ लिहितील. ‘बांध’ वाईट नाही. पण ‘धुरा’ आपला आहे.

शेवटची गोष्ट सांभाळण्याची. ही सारी मांडणी एकदा जमली की ती नमुना म्हणून निराळी जतन करावी, म्हणजे पुढच्या ग्रंथाला पुन्हा पहिल्यापासून आरंभ नको. आणि मजकुराची प्रत रोज, नावात तारीख घालून ठेवावी. एक यंत्रात, एक बाहेरच्या डबीत आणि एक दुसऱ्याच्या घरी. बियाणे कोणी एकाच कणगीत ठेवीत नाही.

यावर आक्षेप येईल, की पूर्वीच्या लोकांनी हे काही नसताना केवढे ग्रंथ रचले. आपण सोयींच्या मागे लागून आळशी होत नाही काय? आक्षेप रास्त आहे. सोयी लावण्यातच रमणारे लोकही मी पाहिले आहेत. आठवडा आठवडा फाँट निवडतात आणि ओळ एक लिहीत नाहीत. रुमणे तासत बसणाऱ्याचे शेत पडीकच राहायचे. म्हणून मी म्हणतो, आखणीला आठ दिवस द्यावे आणि मग लिहीत सुटावे. यंत्र शब्द ऐकायला बाजारात जात नाही. कपटे टिपायला गुरुजीच लागतात. पण टिपलेले कपटे लोकांच्या हाती वेळेवर पोचावे, यासाठी अवजार नीट हवे.

बंधुभगिनींनो, या सभेत अशी पुष्कळ घरे असतील, की जिथे आजीला शंभर ओव्या पाठ आहेत, आजोबांना प्रत्येक शेताचे जुने नाव ठाऊक आहे, एखाद्या ट्रंकेत वहीत लिहिलेली कुळाची हकीकत आहे. आणि त्याच घरात संगणक जाणणारा मुलगा किंवा मुलगी आहे. या दोघांनी एकत्र बसावे, एवढीच माझी विनंती. शिकायला आठ दिवस लागतील. ज्याने सांगायचे, त्याच्यापाशी मात्र किती दिवस आहेत हे कोणालाच ठाऊक नसते. मला ते फार उशिरा कळले. तुमच्या घरात कोणी “पुस्तक कुठवर आलं?” असे विचारील, तेव्हा ते त्याच्या हातात ठेवता यावे.