काळ्या मोटारीवरील सूक्ष्म ओरखडे

मोटार काळी किंवा गर्द निळी असली म्हणजे तिला एक भारदस्तपणा येतो आणि तिच्या मालकाच्या मागे एक चिंताही लागते. नवी असताना तिच्या टपावर आकाश आणि झाडांच्या फांद्या आरशात दिसाव्यात तशा दिसतात. काही महिने लोटले, की उन्हात त्याच टपावर सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक रेघांची वर्तुळे आढळू लागतात. शेजारची पांढरी मोटार तितकीच जुनी व त्याच फडक्याने पुसलेली असूनही निष्कलंक भासते. काळा रंगच कच्चा असावा, अशा समजुतीने मालक पॉलिशसाठी गॅरेजची वाट धरतो. ही घाई करण्यापूर्वी त्या रेघा म्हणजे वस्तुतः काय, हे जाणून घेणे हिताचे आहे.

पांढऱ्या रंगावर पडलेला बहुतेक प्रकाश सर्व दिशांनी परत फेकला जातो. ओरखड्याच्या कडेवरून चमकणारा अल्पसा प्रकाश त्या उजेडात बुडून जातो. काळा रंग याच्या उलट वागतो. तो आत शिरलेला जवळजवळ सर्व प्रकाश गिळून टाकतो. केवळ वरच्या गुळगुळीत पृष्ठावरून, समोरून पाहिल्यास शंभरांतील सुमारे चार भाग, आरशाप्रमाणे परावृत्त होतात. अशा काळोख्या पार्श्वभूमीवर लहानशी चमकही डोळ्यांत भरते. तारे दिवसाही आकाशात असतातच, पण दिसतात रात्री. तसाच हा प्रकार होय. पांढरी मोटारही ओरखडलेलीच असते, तिचे दोष झाकले जातात इतकेच.

ती वर्तुळे मात्र पुष्कळ अंशी दृष्टिभ्रम आहेत. रेघा सर्व दिशांना पसरलेल्या असतात. त्यांपैकी ज्या प्रकाशाच्या वाटेला आडव्या पडतात, तेवढ्याच आपल्या डोळ्यांकडे चमक पाठवितात आणि त्या दिव्याभोवती मांडल्यासारख्या दिसतात. पाहणारा दोन पावले बाजूस सरला, की वर्तुळेही सरकतात. वर्तुळे दिसली म्हणून फडके गोल फिरविले गेले असेलच, असे नव्हे.

आता ज्या रंगावर या रेघा पडतात त्याची रचना पाहू. अमेरिकेतील फोर्ड कारखान्याची प्रसिद्ध ‘मॉडेल टी’ मोटार १९१४ ते १९२५ या काळात केवळ काळ्या रंगातच मिळे. त्या काळी व पुढेही दीर्घकाळ वरचा थर स्वतः रंगीत असे, म्हणून पॉलिश करताना मोटारीचा रंग फडक्यास लागे. १९८० नंतरच्या काळात निराळी पद्धत रूढ झाली. पत्र्यावर गंजरोधक लेप, त्यावर अस्तर, त्यावर रंगाचा पातळ थर आणि सर्वांत वर पारदर्शक लाखेसारखा थर, असे चार थर आज बहुतेक मोटारींवर असतात. या सर्वांची मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरते. त्यातील वरचा पारदर्शक थर सुमारे ४० ते ५० मायक्रॉनांचा, म्हणजे माणसाच्या केसाहूनही पातळ असतो. मोटारीची सारी तकाकी या थरात आहे, आणि सूर्याच्या अतिनील किरणांपासून रंगाचे रक्षणही तोच करतो.

बारीक ओरखडे याच थरात असतात. ओरखडा ही अंगावर चिकटलेली वस्तू नव्हे, की ती पुसून काढावी. तो एक चर आहे. पॉलिशने तो चर भरत नाही. त्याच्या भोवतालचा पृष्ठभाग झिजवून चराच्या तळापर्यंत खाली आणला जातो, आणि मग चर दिसेनासा होतो. सारांश, तकाकी परत मिळते ती थराची जाडी खर्च करून. ही पुंजी कारखान्यातून एकदाच मिळते. ती वारंवार खर्च केली, तर काही वर्षांनी टपावर व बॉनेटवर दुधाळ चट्टे पडतात, पापुद्रे सुटू लागतात; आणि मग तो भाग नव्याने रंगविण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

यास्तव प्रथम परीक्षा करावी. मोटार धुऊन सावलीत उभी करावी व ओरखड्यावर पाण्याचे बोट फिरवावे. ओला असताना तो नाहीसा झाला, तर तो वरच्या थरातच आहे असे समजावे; कारण चरात हवेऐवजी पाणी भरले, की प्रकाश तेथे पूर्वीइतका विखुरत नाही. नख अडकत असेल, तर चर खोल आहे. तो घासून काढण्याचा हट्ट धरू नये. आत पांढुरके अस्तर किंवा पत्रा दिसत असेल, तर पॉलिशचा काही उपयोग नाही. तेथे बारीक कुंचल्याने मूळ छटेचा रंग लावावा. उघड्या पत्र्याच्या बाबतीत तर विलंब करू नये, पावसाळ्यात गंज फार वाट पाहत नाही.

केवळ वरवरच्या रेघा असतील, तर सर्वांत सौम्य पॉलिश व मऊ स्पंज घेऊन प्रथम वीतभर जागेवरच प्रयोग करावा. काठ, कोपरे व पत्र्याच्या घड्या यांवर थर पातळ असतो व घर्षण अधिक होते, म्हणून तेथे कागदी चिकटपट्टी लावून ठेवावी. चार-सहा हात फिरवून पुसावे आणि दिव्याच्या उजेडात तपासावे. पॉलिशमधील तेलाने उरलेल्या रेघा काही काळ झाकल्या जातात, म्हणून पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने ती जागा पुसून मगच निर्णय करावा. दहांपैकी आठ रेघा गेल्या, की थांबावे. उरलेल्या दोहोंसाठी भरड मसाला लावणे म्हणजे दोन रुपयांच्या वसुलीसाठी दहा रुपयांचा दावा लावणे होय. शेवटी मेणाचा हात द्यावा. एका जागी सतत फिरणारे वेगवान यंत्र अननुभवी हातात देऊ नये. त्याच्या उष्णतेने क्षणात थर जळतो.

घरगुती तोडग्यांत टूथपेस्ट व खोबरेल यांचे नाव घेतले जाते. टूथपेस्ट दातांसाठी बनविलेली असते. तिचे कण लाखेला मानवतील असा भरवसा नाही. खोबरेलाने चर भरून क्षणभर झळाळी येते, पण त्यावर धूळ बसते आणि पहिल्या धुण्यात रेघा पुनः प्रकट होतात. दोन धुण्यांत उतरणारी तकाकी ही दुरुस्ती नव्हे, झाकपाक होय. जुनी काळी मोटार विकत घेणाऱ्याने हे विशेष ध्यानात ठेवावे.

आता मूळ कारणाकडे वळू. रस्त्यावरील धुळीत वाळूचे कण असतात, आणि वाळूतील गारगोटीचा कण काचेवरही ओरखडा पाडतो. कोरड्या फडक्याने धूळ झटकणे म्हणजे तो कण लाखेवरून ओढीत नेणे. मुंबई-पुण्याच्या इमारतींतून भल्या पहाटे एक मनुष्य एका बादलीत, एकाच फडक्याने अनेक मोटारी पुसतो. पहिल्या मोटारीची वाळू शेवटच्या मोटारीपर्यंत पोचते. दोष त्या श्रमिकाचा नव्हे. त्याला तेवढेच पाणी, तेवढाच वेळ आणि तेवढेच वेतन दिलेले असते. मालकाने दोन बादल्या, एक साबणाच्या पाण्याची व दुसरी फडके खळबळण्याची, आणि दोन-तीन मऊ मायक्रोफायबरची फडकी त्याच्या स्वाधीन करावीत. आधी पाणी ओतून धूळ वाहून जाऊ द्यावी, मग टपापासून खाली पुसत यावे. चाकांचे फडके वेगळे असावे. रोज कोरडे पुसण्यापेक्षा आठवड्यातून एकदा नीट धुणे बरे. या व्यवस्थेला थोडा खर्च येतो खरा, पण एका पॉलिशच्या मानाने तो अल्पच आहे.

इतके करूनही काळ्या मोटारीवर थोड्या रेघा राहतीलच. वापरातील वस्तूवर वापराच्या खुणा असावयाच्याच. त्या वाढू न देणे हे नित्याचे काम आहे. त्या घालविणे हे क्वचित, वर्षांतून एकदाही नव्हे, असे करावयाचे काम आहे.