हेलिकॉप्टरवरील संकट आणि सुटका

अंबड असो, परतूर असो कीं भोकरदन. जालना जिल्ह्यांत हेलिकॉप्टर उतरणार अशी वार्ता पसरली कीं मैदानाभोंवतीं माणसांची गर्दी लोटते. धुळीचा लोट उठतो, मुलें आनंदानें ओरडतात, आणि यंत्र जमिनीला टेकलें कीं सर्वांचें कुतूहल पुरें होतें. परंतु तेंच यंत्र हवेंत असतांना त्याला इजा झाली, तर आंतल्या माणसांनीं काय करावें आणि बाहेरच्यांनीं काय करूं नये, हा प्रश्न त्या गर्दींत क्वचितच कोणाच्या मनांत येतो.

मराठवाड्यानें हा प्रश्न एकदां अगदीं जवळून पाहिला आहे. २५ मे २०१७ रोजीं लातूर जिल्ह्यांतील निलंगा येथून मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांना घेऊन निघालेलें सिकोर्स्की जातीचें हेलिकॉप्टर जेमतेम वर चढलें, तोंच खालीं येऊं लागलें. विजेच्या तारांत अडकलें आणि वस्तीलगत कोसळलें. आंतील सर्व माणसें सुदैवानें वांचलीं.

हेलिकॉप्टरचें एंजिन बंद पडलें कीं तें दगडाप्रमाणें खालीं येतें, अशी पुष्कळांची समजूत आहे. ती खरी नाहीं. एंजिन थांबतांच वैमानिक आपल्या डाव्या हातचा दांडा तत्काळ खालीं करतो. त्यामुळें पात्यांचा कल कमी होतो, आणि खालून वर येणारी हवाच पंख्याला भिंगरीप्रमाणें फिरवीत राहते. जमीन जवळ आली कीं तो यंत्राचें नाक वर उचलून वेग मोडतो, आणि अगदीं अखेरीस तोच दांडा वर ओढून फिरत्या पात्यांत सांठलेली सारी शक्ति एकदम खर्च करतो. ही संधि एकदांच मिळते. शेपटीचा लहान पंखा निकामी झाला तर यंत्र स्वतःभोंवतीं गरगरूं लागतें. अशा वेळींही पुष्कळदां एंजिनाची शक्ति काढून घेऊन याच रीतीनें उतरावें लागतें.

मात्र या युक्तीला हाताशीं उंची तरी हवी, नाहीं तर वेग तरी हवा. उड्डाणाच्या पहिल्या कांहीं क्षणांत दोन्ही नसतात. त्यांत मराठवाड्यांतील मे महिन्याचें ऊन! तापलेली हवा विरळ होते, पात्यांना पुरेसा आधार देत नाहीं, आणि तेंच ओझें उचलण्यास एंजिनाला अधिक कष्ट पडतात. म्हणून किती माणसें व किती सामान घ्यावयाचें याचा हिशेब हीच संकटनिवारणाची पहिली पायरी होय. तो हिशेब उड्डाणापूर्वींच करावयाचा असतो.

हवाई छत्रीनें उडी कां मारूं नये, असेंही कोणी विचारील. डोक्यावर पातीं फिरत असतात, आणि बहुधा तेवढी उंचीही नसते. रशियाच्या कामोव्ह का-५० या लढाऊ हेलिकॉप्टरांत आधीं स्फोटानें पातीं तोडून मग वैमानिकाला बाहेर फेंकण्याची योजना आहे. पण ती अपवादात्मक होय. इतरांना यंत्राबरोबरच खालीं यावें लागतें.

पाण्यावर उतरण्याचा प्रसंग अधिक कठीण. एंजिनांचा भार माथ्यावर असल्यामुळें हेलिकॉप्टर पाण्यांत सहज उलटें होतें. म्हणून समुद्रांतील तेलविहिरींवर जाणाऱ्यांना तलावांत खोटी खोली बुडवून व उलटवून शिकवितात: एक हात खिडकीच्या चौकटीवर ठेवा, हालचाल थांबेपर्यंत पट्टा सोडूं नका, आणि तरंगण्याचें जाकीट बाहेर पडल्यावरच फुगवा, आंत फुगविलें तर तेंच माणसाला छताशीं दाबून धरतें. २८ जून २०२२ रोजीं 'सागर किरण' या तेलविहिरीच्या फलाटाजवळ एक हेलिकॉप्टर समुद्रांत उतरलें. नऊ जणांपैकीं चौघे दगावले. ८ मार्च २०२३ रोजीं मुंबईजवळ नौदलाचें हेलिकॉप्टर शक्ति गमावून पाण्यावर उतरलें. त्यांतील तिघेही वांचले. पाण्यावर उतरणें आणि पाण्यांतून सुटणें हीं दोन निराळीं कामें आहेत, आणि दोन्हीही आधीं शिकून ठेवावीं लागतात.

जालन्याला समुद्र नाहीं. पण तारा आहेत. लोखंडाच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या, कपाशीच्या शेतांवरून गेलेल्या या बारीक रेषा वरून दिसत नाहींत. कांहीं हेलिकॉप्टरांच्या पुढील भागावर तारा कापणारीं पातीं बसवितात, तरी तीं प्रत्येक तार कापतीलच असें नाहीं. यंत्र तारांसह पडलें, तर वीज बंद झाल्याची खात्री होईपर्यंत कोणीही जवळ जाऊं नये. आंतल्यांनींही, आग लागलेली नसल्यास, तोंवर आंतच थांबावें. यंत्र सुखरूप उतरलें असलें तरी पंखा पुरता थांबेपर्यंत धांवूं नये, आणि शेपटीकडे तर कधींच जाऊं नये. फिरतांना तो लहान पंखा डोळ्यांना दिसतच नाहीं.

आंतल्या माणसाचें शिक्षण त्याचा प्राण वांचवितें. बाहेरच्या माणसाचा संयम दोघांचे प्राण वांचवितो. मदतीला धांवणें हा आपला स्वभाव आहे, आणि तो चांगलाच आहे. परंतु अशा प्रसंगीं धांवणाऱ्या शंभर माणसांपेक्षां, गर्दी मागें हटवून वीज बंद करविणारा एक शहाणा माणूस अधिक उपयोगी पडतो.